अधिवेशनातलं वाक्य आणि तहसीलमधला शिक्का

१२ जानेवारी ही तारीख सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली गेली. दरवर्षी त्या दिवशी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात आणि लगेच शहर गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीला लागतं. २०२५ मध्ये नेमक्या याच तारखेला, रविवारी, शिर्डीत भारतीय जनता पक्षाचं प्रदेश अधिवेशन भरलं होतं. विधानसभेच्या १३२ जागा जिंकल्यानंतरचं ते अधिवेशन, त्यामुळे वातावरण जल्लोषाचं. अमित शहा शरद पवार आणि उद्धव ठाकरे यांच्यावर तुटून पडले आणि मथळे त्याचे झाले. आपल्या मोबाईलवर मात्र दुसरंच फिरलं. 'व्होट जिहाद'चा पुढचा भाग सुरू झाला आहे, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथे म्हणाले. बांगलादेशी घुसखोर मतदारयादीत शिरू पाहताहेत. मालेगाव, अमरावतीकडे पन्नाशी गाठलेली माणसं जन्मदाखल्यासाठी अर्ज करताहेत, असा त्या बोलण्याचा आशय होता.

पुढचे दहा-पंधरा दिवस आपल्या ग्रुपांवर काय चाललं होतं ते आठवून पाहा. पहिल्या दोन दिवसांत संतापाचे व्हॉईस मेसेज. मग रील. मग १६ जानेवारीला सैफ अली खानवर हल्ला झाला, तीन दिवसांनी ठाण्यातून पकडलेला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि सगळी चर्चा तिकडे वळली. टीव्हीवर 'घुसखोर' हा शब्द तासाला वीसदा ऐकू येऊ लागला. आपल्यातल्या काहींनी जुन्या बादशहांचे किस्से टाकले, काहींनी "हम यहीं के हैं" म्हणत तिरंग्याचा डीपी ठेवला, काहींनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लावली. हे सगळं व्यासपीठाला दिलेलं उत्तर होतं. खरा निर्णय दुसऱ्याच ठिकाणी होत होता आणि तिकडे फार कुणी पाहिलं नाही.

जानेवारी संपायच्या आत राज्याच्या महसूल विभागाने उशिराच्या जन्म-मृत्यू नोंदीचे दाखले देण्याचं काम थांबवायला सांगितलं. किरीट सोमय्या यांच्या आरोपांवरून मालेगावच्या प्रकरणासाठी एसआयटी नेमली गेली होती आणि तिथले महसूल अधिकारी निलंबित झाले होते. स्थगिती मात्र मालेगावापुरती नव्हती, ती राज्यभर होती. मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली: कागदपत्रांची कडक छाननी, पोलिसांचा अभिप्राय, पुरावा खोटा निघाला तर फौजदारी कारवाई. पुढे नायब तहसीलदारांच्या सहीने दिलेले जुने दाखले रद्द करण्यापर्यंत गोष्ट गेली. म्हणजे अधिवेशनात ऐकलेला संशय काही आठवड्यांत तहसीलच्या टेबलावरचा शिक्का झाला होता, आणि आपण अजून रीलच्या खाली कॉमेंट लिहीत होतो.

आता त्या पन्नाशीच्या माणसाकडे वळू, कारण सगळा प्रश्न त्याचाच आहे.

पन्नास वर्षांच्या माणसाला आज जन्मदाखला का लागतो? ऐकणाऱ्याला हा प्रश्न बिनतोड वाटतो. इतकी वर्षं नाही लागला, आताच कसा? उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. १९७० च्या दशकात सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायकांची आणि मागावर बसणाऱ्या घरांची बाळंतपणं घरीच, दाईच्या हातून होत. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. तो गल्लीत, वस्तीत पोचायला कितीतरी वर्षं गेली. नोंद झालीच तर रजिस्टरमध्ये बापाचं नाव आणि 'मुलगी' एवढंच, कारण बारसं किंवा अकीका व्हायचा होता. नंतर शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकली. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या किती प्रचंड आहे हे वेगळं सांगायला नको, आणि त्यात जात-धर्माचा भेद अजिबात नाही. माझ्या अब्बांचा वाढदिवसही कागदावर १ जून. घरात तो कधी कुणी साजरा केला नाही, कारण तो खरा नाही हे सगळ्यांना माहीत.

अशी माणसं आयुष्यभर शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर निभावून नेत होती. गेल्या दहा-बारा वर्षांत काय बदललं? प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी जोडली गेली. आधार पॅनला, पॅन बँकेला, बँक पेन्शनला. एका ठिकाणी 'शेख', दुसरीकडे 'शेक'. लग्नाआधी 'बी', लग्नानंतर 'बेगम'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे यातली तांत्रिक बाजू जवळून पाहिली आहे. 'रहीम' हे एक नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिता येतं. माणसाच्या डोळ्यांना ती चारही एकच दिसतात. संगणकाला ती चार माणसं दिसतात. नाव जुळवण्याची प्रणाली लिहिताना आम्हाला हे आधीच ठरवावं लागतं की किती फरक चालेल. कुणी ते ठरवलंच नाही तर प्रणाली अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे असं धरून चालते. मग खिडकीतला कारकून सांगतो, "जन्मदाखला आणा, म्हणजे सगळीकडे तेच नाव लावता येईल."

त्यात २०२३ ची दुरुस्ती आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मदाखला हाच जन्माच्या तारखेचा आणि ठिकाणाचा पुरावा ठरला. नियम नव्या बाळांचा; मोहल्ल्यात मात्र निरोप पोचला तो असा की, आता जन्मदाखल्याशिवाय काही खरं नाही. त्याच दुरुस्तीने एक वर्षापेक्षा जुन्या नोंदीचा आदेश देण्याचा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून जिल्हाधिकारी, प्रांत आणि त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दिला. कोर्टाची पायरी चढावी लागत होती, तिथे तहसीलमध्ये काम होऊ लागलं. वकिलाचा खर्च वाचला. अर्ज वाढले यात नवल ते काय? दार उघडल्यावर माणसं आत आली. अधिवेशनात सांगितलं गेलं ते माणसं आत आली एवढंच. दार कुणी उघडलं, कोणत्या कायद्याने उघडलं, आणि तो कायदा कोणत्या सरकारने संसदेत आणला, हे सांगायचं राहून गेलं.

याहून मोठा पेच पुढे आहे. नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक असतो. त्याच्या आई-वडिलांचे कागद पाहायचा प्रश्न येत नाही. १ जुलै १९८७ ते ३ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्यांसाठी आई-वडिलांपैकी एक नागरिक असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे पन्नाशीच्या माणसाला कायदा एकच गोष्ट विचारतो: तू इथे जन्मलास का? ते सिद्ध करणारा सर्वांत सरळ कागद म्हणजे जन्मदाखला. तो मागायला तो तहसीलमध्ये गेला, की तो कागद मागतो म्हणूनच संशयित. नाही गेला, तर कागद नाही म्हणून संशयित. आधार दाखवलं तर आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका जामीन प्रकरणात म्हटलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र नुसतं जवळ असल्याने कुणी नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मग जो कागद चालतो, तो मिळण्याचा रस्ता तरी मोकळा हवा ना?

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म १९८७ नंतरचा. म्हणजे कागदाच्या हिशेबात तुमचं नागरिकत्व तुमच्या अम्मी-अब्बांच्या कागदावर उभं आहे. म्हणून हा 'म्हाताऱ्यांचा प्रश्न' नाही.

आमच्या गल्लीतल्या एका खालांनी उमराहसाठी पासपोर्ट काढायचा म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर अर्ज केला होता. मुलाचं नाव एका कागदावर, नवऱ्याचं दुसऱ्यावर, आणि त्यांचं स्वतःचं तीन कागदांवर तीन तऱ्हांचं. जानेवारीनंतर त्यांना दरवेळी एकच उत्तर मिळत गेलं, "वरून बंद आहे." वर म्हणजे कुठे, हे सांगणारा कुणी भेटला नाही, आणि लेखी काही मिळालं नाही. त्यांनी ना शिर्डीचं भाषण ऐकलं होतं ना एकही रील पाहिली होती.

सोलापुरात 'बाहेरचा' शोधायला निघायचं तर कुठून सुरुवात करायची, हाही प्रश्नच आहे. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, ती जुनी मिल, आणि शहर भरायला लागलं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, ते पूर्व भागात स्थिरावले. त्यांच्या मागांवर सोलापुरी चादर जगभर गेली. विजापूरकडून, अक्कलकोट संस्थानातून कन्नड बोलणारी कुटुंबं आली. दख्खनी बोलणारे आमचे पूर्वज कुणी निजामाच्या मुलखातून, कुणी आणखी कुठून. त्या काळी तुळजापूर, नळदुर्ग हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आज तासाभरात एसटीने जातो तिथून सोलापुरात येणारा माणूस तेव्हा अक्षरशः दुसऱ्या राज्यातून येत होता. कुंभारीला विडी कामगारांची घरं बांधली गेली, तिथे तेलुगू, मराठी, उर्दू बोलणाऱ्या बायका शेजारी-शेजारी पानं कापतात. या शहरात कुणाचा आजा कुठून आला हे विचारायला लागलात, तर चार घरांत पाच गावं निघतील.

'बाहेरचा' कोण, हेही दर काही वर्षांनी व्यासपीठावरूनच ठरत आलं आहे. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, त्याच वर्षी शिवाजी पार्कवर पहिला दसरा मेळावा झाला, आणि तेव्हाचा परका होता दाक्षिणात्य. 'मार्मिक'मध्ये कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या. २००८ मध्ये मनसेच्या आंदोलनात परका होता उत्तर भारतीय. आमच्या शहरातला तेलुगू विणकर पहिल्या यादीत बसू शकला असता, आज तो बसत नाही. यादी बदलते, ज्याच्याकडे कागद आणि वकील कमी, तो प्रत्येक यादीत येण्याची शक्यता जास्त.

जुने कागद शोधणं हे सरकारला जमत नाही असंही नाही. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळातली दप्तरं उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधली गेली, हैदराबादपर्यंत जाऊन कागद पाहिले गेले, आणि लाखो नोंदी मिळाल्या. हे चांगलंच झालं. ज्या समाजाला त्याच्या आजोबांचा कागद हवा होता, त्याच्यासाठी सरकार स्वतः दप्तरखान्यात उतरलं. आपण त्याबद्दल कुरकुर करायचं काहीच कारण नाही; तीच रीत इतरांनाही लावा, एवढंच म्हणायचं. तीच उर्दूतली दप्तरं, त्याच शाळांची जुनी जनरल रजिस्टरं. एका अर्जदारासाठी त्यांत पुरावा शोधला जातो आणि दुसऱ्यासाठी त्यांत चूक शोधली जाते.

इथे कुणी विचारेल, मग घुसखोर नाहीतच का? आहेत. सीमा ओलांडून आलेले लोक आहेत, खोटे कागद बनवून देणाऱ्या टोळ्या आहेत, पैसे घेऊन सही करणारे अधिकारीही सापडतील. सीमा राखणं हे सरकारचं कामच आहे आणि खोट्या दाखल्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. वाद आहे तो चाळणीचा. साधं गणित घ्या. समजा एक लाख अर्ज आले आणि त्यांत शंभर खोटे आहेत. तुमची चाळणी शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर उत्तर देते, म्हणजे चांगलीच म्हणायची. ती शंभरातले ९५ खोटे पकडेल. पण उरलेल्या ९९,९०० खऱ्या अर्जांपैकी शेकडा पाच, म्हणजे ४,९९५ माणसांनाही ती खोटं ठरवेल. एका खऱ्या आरोपीमागे बावन्न-त्रेपन्न निरपराध. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण हिशेब कुठलाही अभियंता डोळे मिटून मान्य करेल: शोधायची गोष्ट दुर्मीळ असेल, तर चाळणीतून निघालेल्या प्रत्येकाकडे पुन्हा एकदा शांतपणे पाहावं लागतं. 'पन्नाशीत दाखला मागतो' ही चाळणी तर शंभरात पंचाण्णवच्या जवळपासही जाणार नाही.

बिहारमध्ये हे मोठ्या पटावर दिसलं. २०२५ च्या विशेष सखोल फेरतपासणीत ऑगस्टच्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. प्रचारात शब्द होता घुसखोर. निवडणूक आयोगाने दिलेली कारणं मात्र तीन: मृत, कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले, आणि दुबार नोंद. नावं आणि कारणं जाहीर करा, हे सर्वोच्च न्यायालयाला आदेश देऊन सांगावं लागलं. महाराष्ट्रही या तपासणीच्या बाहेर नाही.

'व्होट जिहाद' हा शब्द कुठून वर आला तेही लक्षात ठेवा. २०२४ च्या लोकसभेत धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. पाच विधानसभा मतदारसंघांत मागे राहून मालेगाव मध्यच्या एक लाख ९४ हजारांच्या आघाडीवर त्या जिंकल्या. लोकांनी रांगेत उभं राहून एका पक्षाला मतं दिली, एवढीच ती घटना. एकगठ्ठा मतदान या देशात कोण करत नाही? तिथून वाक्य 'ते एकत्र मत देतात' यावरून 'ते मतदार आहेत का' इथवर आठ महिन्यांत पोचलं. पहिलं वाक्य राजकीय टीका म्हणून सोडून देता येतं. दुसरं थेट तहसीलच्या खिडकीवर जातं.

आता आपल्या प्रतिक्रियांबद्दल, आणि हे थोडं टोचेल.

सर्वांत सोपी प्रतिक्रिया म्हणजे आपल्या नेत्याची टाळीबाज क्लिप. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोलापूरच्या प्रचारसभेत असदुद्दीन ओवेसींना व्यासपीठावरच पोलिसांची नोटीस दिली गेली. त्यांनी त्यावर केलेली चेष्टा आपण किती दिवस फिरवली! मजा आली, नाही म्हणत नाही. पण खालांच्या अर्जावर त्या टाळ्यांचा काडीचा परिणाम झाला नाही. ती सभा ज्यांची होती त्यांचा, किंवा 'सेक्युलर' म्हणवणाऱ्या पक्षांचा एखादा कार्यकर्ता तहसीलमध्ये बसून अर्जांची यादी करताना निदान मला तरी दिसला नाही.

दुसरी प्रतिक्रिया घबराटीची. तिचा फायदा एजंटांना होतो. "दहा हजारांत क्यूआर कोडवाला दाखला" असं कुणी सांगत असेल तर त्याच्या दुकानासमोरून सरळ पुढे जा. खरा हक्क असलेल्या माणसाने खोटा दाखला घेतला, की ज्याच्यावर काल नुसता संशय होता त्याच्यावर आज खरा गुन्हा असतो.

तिसरी प्रतिक्रिया मला सगळ्यात जास्त खटकते. "आम्ही मराठी मुसलमान, इथल्या मातीतले. बांगलादेशी शोधायचे तर त्या बंगाल्यांमध्ये शोधा." हे वाक्य आपल्यातले शिकलेले, चांगल्या नोकरीतले लोक बोलतात. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सराफ बाजारात सोन्याचं बारीक काम करणारे बंगाली कारागीर आहेत. मुंबईत जरीकाम करणारे आहेत, इमारतींवर गवंडी आहेत. मुर्शिदाबाद, बर्धमान हे भारतातलेच भाग आहेत, तिथली बोली सीमेपलीकडच्या बोलीसारखी वाटणारच. १९९८ च्या जुलैमध्ये, युतीचं सरकार असताना, मुंबई पोलिसांनी बंगाली बोलणाऱ्या काही जरीकामगारांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने सीमेकडे नेलं. बंगालमध्ये उलुबेरिया स्थानकावर जमलेल्या लोकांनी गाडी अडवून त्यांना उतरवून घेतलं. हे आमचेच लोक आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. सत्तावीस वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, महाराष्ट्रात काम करणाऱ्या मुर्शिदाबाद-बर्धमानच्या मजुरांना सीमेपलीकडे ढकलल्याच्या बातम्या आल्या, आणि पश्चिम बंगाल सरकारने हस्तक्षेप केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. यांचे कागद खरे होते. त्यांची भाषा ऐकून निर्णय झाला होता. उद्या मालेगावच्या माणसाची उर्दू किंवा आपली दख्खनी ऐकून निर्णय झाला, तर आपल्यासाठी कोणत्या स्थानकावर कोण उभं राहणार?

माझ्या पेशातल्या लोकांना हे दुसऱ्या एका अधिवेशनातून जास्त पटकन समजतं. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन झालं. सभागृहात लोकांनी सामूहिक हद्दपारीची मागणी करणारे छापील फलक उंच धरले होते. त्याच व्यासपीठावर हरमीत धिल्लन यांनी शीख अरदास म्हटली, आणि त्यांच्याच पक्षाच्या समर्थकांपैकी काहींनी ऑनलाइन त्यांच्यावर गरळ ओकली. तिकडच्या कितीतरी भारतीयांना ते फलक पटले होते. त्यांचं म्हणणं, आम्ही कायदेशीर आलो, ते बेकायदा आले. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं, त्यात बेड्या घालून आणलेले १०४ भारतीय होते. तरीही "ते बेकायदा होते" म्हणून खांदे उडवले गेले. मग १९ सप्टेंबरला नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा आदेश निघाला. त्या शनिवारी सकाळी आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न होता: बाहेर असलेल्यांनी आजच परत फिरायचं का? कंपन्यांनी रातोरात ईमेल पाठवले होते. त्या दिवशी घाबरलेले लोक कायदेशीर होते, शिकलेले होते, कर भरणारे होते. त्यांच्यातल्या काहींच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर जानेवारीत घुसखोरांवरचे विनोद होते, हेही मी पाहिलं आहे. पण त्यांना टोमणा मारून आपल्याला काय मिळणार? त्यांच्याशी बोलायला ही चांगली जागा आहे, एवढं मात्र खरं. व्यासपीठावरून आलेली भीती फाईलमध्ये कशी उतरते, ते त्यांना आता समजावून सांगावं लागत नाही.

मग करायचं काय? प्रतिक्रिया द्यायचीच आहे तर ती खिडकीवर द्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२४ ला रहीम अली विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. कुणालाही उचलून 'तू परदेशी, सिद्ध कर' असं म्हणता येत नाही, संशयाला आधी काहीतरी आधार सरकारच्या हातात हवा. आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून माणसाला परदेशी ठरवता येत नाही. हा निकाल आला तेव्हा रहीम अली हयात नव्हते. परदेशी हा शिक्का घेऊनच ते गेले. निकालाची प्रत मोबाईलमध्ये ठेवा, तिचा उपयोग क्लिपपेक्षा जास्त आहे. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली आहे आणि सिद्ध करण्याचं ओझं त्यातही ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच ठेवलं आहे. म्हणून संशयाला आधार काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी लेखी विचारणं जास्त महत्त्वाचं झालं आहे.

प्रत्यक्ष करण्यासारखं कामही आहे. अम्मी-अब्बांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. शाळा बंद पडली असेल तर शिक्षण विभागात विचारा. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आधी शोध घ्यायला लावा, कारण कितीतरी वेळा नोंद असते, फक्त नाव कोरं असतं, आणि तिथे नवी नोंद लागत नाही, दुरुस्ती पुरते. नोंद खरंच नसेल तर 'नोंद आढळत नाही' हे लेखी घ्या; उशिराच्या नोंदीचा अर्ज त्याच्यावरच उभा राहतो. अर्जाची पोच घ्या. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. जन्म-मृत्यू निबंधकाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्यांनी ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, ही तरतूद त्याच २०२३ च्या दुरुस्तीत आहे. "वरून बंद आहे" हे कारण नाही. कोणत्या पत्राने, कोणत्या तारखेला, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. आणि हे फक्त आपल्या घरासाठी करू नका. पूर्व भागातल्या पद्मशाली आजींचीही तारीख १ जूनच आहे, पारधी वस्तीतल्या माणसाकडे तर तीही नाही. तहसीलच्या एकाच बाकावर हे सगळे बसलेले असतात. अर्ज लिहून देणारा तरुण एकाचा अर्ज लिहितो तेव्हा दुसऱ्याचाही लिहून होतो.

आम्हाला या अंकापासून एक साधी यादी करायची आहे. तुमच्या ओळखीत उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज अडकला असेल, तर तालुका, अर्ज केल्याचा महिना, आणि नकाराचं किंवा विलंबाचं कारण लेखी मिळालं की तोंडी, एवढंच कळवा. अर्जदाराचं नाव, पत्ता, आधार क्रमांक यांतलं काहीही पाठवू नका. अर्जदार कोणत्या धर्माचा, हेही विचारलेलं नाही. आलेले आकडे तालुक्यानुसार मांडून आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहोत, आणि पुढच्या अंकात छापणार आहोत.